नऊ दिवसांचे आकडे

पुण्याला जाऊन आलो असं वर्ध्यात सांगितलं, तर कशाला गेला होतात म्हणून कोणी विचारत नाही. मुलगा नाहीतर सून तिकडे नोकरीला असणारच असं धरून चालतात आणि 'ट्रॅफिक कसं आहे' एवढंच विचारतात. माझं पुण्यात आता नात्याचं कोणी नाही. मी एका वहीसाठी गेलो होतो. चार दिवसांचा बेत होता, अकरा दिवस राहिलो. परत आल्यावर हे लिहितो आहे ते दोन कारणांनी. अणुघड्याळ ही वस्तू आपल्याकडच्या फार थोड्यांनी पाहिली असेल, आणि ती पाहण्यासारखी आहे, हे एक. दुसरं कारण पुढे येईलच.

निघण्याआधी

नोकरीची बहुतेक वर्षं मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत काढली. तिथल्या एका लहान प्रयोगशाळेचा मी प्रमुख होतो. काम असं, की रुबिडियमची दोन अणुघड्याळं अखंड चालू ठेवायची आणि ती एकमेकांशी पडताळायची.

भिंतीवरच्या जुन्या घड्याळात लंबक झुलतो. लंबक कारागीर घडवतो, त्यामुळे एकासारखा दुसरा होत नाही, आणि उन्हाळ्यात तोच लंबक लांबतो. अणू कोणी घडवत नाही. रुबिडियमचा अणू वर्ध्यातला असो की चंद्रावरचा, तो एकाच ठरलेल्या कंपनसंख्येला प्रतिसाद देतो. ती कंपनं मोजत सेकंद बांधायचा, हे अणुघड्याळ. अशा दोन घड्याळांत दिवसभरात जो फरक पडे तो सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागांत मोजावा लागे. रोज सकाळी अकराला तो आकडा वहीत उतरायचा, आणि उतरवायचे मधुकर गजभिये.

गजभिये भंडाऱ्याचे, मी वर्ध्याचा. पुण्याच्या लेखी आम्ही दोघंही 'नागपूरकडचे'. त्यांच्या घरी बाबासाहेबांचा फोटो, माझ्या घरी देव्हारा, पण डबा आम्ही एकत्र उघडायचो. ते तंत्रज्ञ होते आणि माझ्याहून चांगले होते. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याच संस्थेतून सायली नावाच्या संशोधक मुलीचा मेल आला. ती आमच्या जुन्या वह्यांतले आकडे संगणकात भरत होती. तिने लिहिलं होतं: 'सर, एका वहीत सलग नऊ दिवसांचे आकडे लाल शाईने खोडले आहेत. शेजारी "आकडा घेणाऱ्याची चूक, ग्राह्य धरू नये" असं आहे आणि खाली आपली सही. पण हे आकडे पहिल्या दिवशी एकदम सरकतात, नऊ दिवस तिथेच राहतात आणि दहाव्या दिवशी जागेवर येतात. चूक करणारा माणूस इतका सारखा चुकत नाही. आपल्याला काही आठवतं का?'

मी उत्तर दिलं: 'आठवत नाही. फार जुनी गोष्ट आहे.'

त्यानंतर दोन दिवस मला अन्न गोड लागेना. मला सगळं आठवत होतं. त्या नऊ दिवसांत गजभिये कुठेही चुकले नव्हते. चूक माझी होती, ती मला तेव्हाच कळली होती, आणि मी ती त्यांच्या नावावर लिहिली होती. तिसऱ्या दिवशी तिकीट काढलं आणि दुसरा मेल पाठवला: 'आठवतं. येऊन सांगतो.'

बुधवार पेठ

लॉज मुद्दाम बुधवार पेठेच्या जवळचा घेतला. शनिवारी अर्धा दिवस असे, तेव्हा मी आणि गजभिये इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत सुटे भाग शोधत फिरायचो. गल्ली तशीच आहे. रेडिओच्या जागी मोबाइलची कव्हरं आली आणि हातगाड्या वाढल्या, एवढाच फरक. एका दुकानाच्या काउंटरवर ट्रेमध्ये क्वार्ट्झचे छोटे क्रिस्टल ठेवले होते. मी एक उचलून उजेडात धरला.

"काय पाहिजे आजोबा?"

"काही नाही, बघतोय."

"बघायला पुढे संग्रहालय आहे. तिथे बसायला बाकही असतात."

मला हसू आलं. पुण्यात आल्याची पावती मिळाली.

न्याहारीला पोहे मागवले. आपल्याकडे पोह्यांवर तर्री नसेल तर घरात कोणी आजारी आहे का, असं विचारतात. इथे तर्री मागितली तर मालक म्हणाला, "ती नागपुरात," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. पोहे मात्र उत्तम होते. वर ओलं खोबरं होतं आणि शेजारी लिंबाची एवढीशी फोड. ती मागून दुसरी मिळाली नाही.

टेकडीच्या पायथ्याची खोली

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेकडे निघालो. पेठेच्या पोटातून आता मेट्रो जाते. सरकता जिना उतरताना मी कठडा दोन्ही हातांनी धरला, आणि मागच्या कॉलेजच्या मुलींनी अजिबात घाई केली नाही, हे नोंदवून ठेवतो. पुढे रिक्षा केली.

"मॅप उजवीकडे सांगतोय, मी डावीकडे सांगतो," रिक्षावाले म्हणाले. "कुणाचं ऐकू?"

"मॅपचं ऐका," मी म्हणालो. शेवटी आयुष्यभर त्याच धंद्यात होतो.

उजवीकडे रस्ता ड्रेनेजसाठी खणलेला होता. रिक्षा मागे घेत ते म्हणाले, "बघा. तुमच्या उपग्रहाला खड्डा दिसत नाही."

दिसत नाही, हे खरं. पण रिक्षा कोणत्या गल्लीत आहे हे उपग्रह सांगू शकतो तो त्यातल्या अणुघड्याळांमुळे. त्या घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर नकाशा माणसाला तीनेकशे मीटर बाजूला दाखवेल. रिक्षावाल्यांना मी हे सांगितलं. "मग चालेल," ते म्हणाले, "तीनशे मीटरवर माझं घर आहे."

सायली दारातच उभी होती. तिशीच्या आतली, केस वर बांधलेले, आणि नमस्काराआधी तिची नजर माझ्या काठीवर गेली.

"सर, काठी लोखंडाची आहे?"

"ॲल्युमिनियमची."

तिने खिशातून एक लहान लोहचुंबक काढून काठीवरून फिरवला. खालच्या टोकाशी तो टक् करून चिकटला. आत पोलादी स्प्रिंग होती. काठी बाहेर राहिली आणि मी तिचा हात धरून आत गेलो. मला ती मुलगी तिथेच आवडली. मी एके काळी एवढा सावध असतो तर हा प्रवासच करावा लागला नसता.

आत जे पाहिलं ते सांगायला हवं. आमच्या घड्याळात काचेच्या फुग्यात रुबिडियमचे अब्जावधी अणू असत. जत्रेच्या गलक्यातून एक सूर ऐकावा तसं ते काम. सायलीच्या घड्याळात एकच अणू आहे. यटर्बियम नावाच्या धातूचा. त्यातला एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की तो विद्युतक्षेत्रात अधांतरी धरून ठेवता येतो. मग चहूबाजूंनी लेझर सोडून त्याला शांत करतात, इतका थंड, की विश्वात आपोआप तेवढं थंड कुठेच नसेल. स्टीलचं एक भांडं, त्याला काचेच्या खिडक्या, टेबलभर आरसे आणि भिंगं. आणि पडद्यावर काळोखात एक ठिपका.

"हा तो?"

"हो सर. परवापासून हाच आहे. आम्ही नाव ठेवत नाही, गेला की वाईट वाटतं."

मी बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहत राहिलो. माझ्या सबंध नोकरीत मला एकही अणू दिसला नव्हता.

मग तिने वही आणली. पुठ्ठा सुटलेला, आतली अक्षरं मात्र ताजी. गजभियेंचा सात मधोमध आडव्या रेघेचा असे. त्या सातांवरून माझी लाल रेघ गेलेली. आमच्या धंद्यातला नियम असा, की खोडायचं ते एकाच रेघेने. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. तो नियम मी पाळला होता. खोटं लिहितानासुद्धा नियमाने लिहिलं होतं.

मी सायलीला सगळं सांगितलं. प्रयोगशाळेच्या दारावर माझ्याच सहीचा कागद होता: घड्याळाजवळ लोखंडी वस्तू आणू नये. लोखंडाने भोवतालचं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि अणूची कंपनं किंचित सरकतात. त्या वर्षी दसऱ्याला गजभिये नेहमीप्रमाणे दीक्षाभूमीला गेले होते. संस्थेत मोठे पाहुणे यायचे होते, म्हणून मी शिपायाला हाताशी धरून एक लोखंडी कपाट बाहेरच्या बोळात हलवलं आणि भिंतीला टेकवलं. भिंतीच्या अलीकडे घड्याळ होतं. मध्ये भिंत आहे, एवढंच मी पाहिलं. चुंबकाला भिंत नसते, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवत असे.

दुसऱ्या दिवशी गजभिये परतले आणि आकडे सरकलेले दिसू लागले. ते रोज येऊन सांगत, "साहेब, काहीतरी बदललंय." नवव्या दिवशी मी बोळात त्याच कपाटाला पाठ टेकून चहा पीत होतो, आणि माझ्या लक्षात आलं. संध्याकाळी कपाट मुकाट्याने मागे नेलं. आकडे जागेवर आले. माझा अहवाल त्याच आठवड्यात जायचा होता, आणि त्यात ते नऊ दिवस ठिगळासारखे दिसत होते. कपाटाचं लिहिलं असतं तर माझ्याच सहीचा नियम मीच मोडला, असं झालं असतं. मी संचालकांना म्हणालो, "रजेवरून आल्यापासून गजभियेंचं लक्ष दिसत नाही."

ते म्हणाले, "वाटलंच होतं."

जातीचा शब्द मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. काढायची गरज पडणार नाही, हे मला बोलण्याआधीच ठाऊक होतं. गजभियेंची बदली भांडारात झाली. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते.

सायलीने वही मिटली. मग म्हणाली, "मी गजभिये सरांना मेल केला नाही. चूक त्यांची असं लिहिलेलं होतं ना, विचारायला ऑकवर्ड वाटलं. पेन्शन सेक्शनमधून पत्ता मिळालाय. वाघोली." तिने चिठ्ठी पुढे केली. "वहीत दुरुस्ती नंतर करू. आधी तिकडे जा, सर."

कसबा पेठ

वाघोलीला जायच्या दिवशी सकाळी सायलीला कसब्यात काम होतं. घड्याळाच्या नाजूक विद्युत्-मंडलाला बाहेरच्या रेडिओलहरींचा त्रास होऊ नये म्हणून तिला तांब्याची पेटी हवी होती, आणि तिचं झाकण इथले तांबट ठोकून देत होते. जगातला सर्वांत नवा यंत्रप्रकार आणि शहरातली सर्वांत जुनी गल्ली. ते पाहायला मीही गेलो.

तांबट पन्नाशीचे होते. हातोडी न थांबवता म्हणाले, "मॅडम, तुमच्या कागदावर अर्धा मिलिमीटर लिहिलंय. कागद तांब्याला वाचता येत नाही. पेटी आणलीत का?"

सायलीने पेटी आणली होती. त्यांनी झाकण बसवलं, काढलं, एका कोपऱ्यावर तीन हलके ठोके दिले, पुन्हा बसवलं. फट दिसेनाशी झाली.

"आता तुम्ही बसवा," ते म्हणाले. "माझ्या हाताने बसलं म्हणजे बसलं असं नाही."

तिने चारदा बसवून पाहिलं, मग पसंत म्हणाली. मी तोवर ओसरीवर चहा घेत होतो. घाबरलेला होतो, आणि ती ठोक ठोक बरी वाटत होती.

वाघोली

नगर रस्त्याने वाघोलीला पोचायला दीड तास लागला. आमच्या वेळी इथे शेतं होती. आता इमारतींच्या आड इमारती, कॉलेजांच्या पाट्या, पाण्याचे टँकर. सोसायटीच्या गेटवर नाव, नंबर, कुणाकडे, कशासाठी असं सगळं लिहावं लागलं. 'कशासाठी' या रकान्यात मी 'भेट' लिहिलं.

दार गजभियेंच्या मुलीने, प्रज्ञाने उघडलं. जवळच्याच इंजिनीअरिंग कॉलेजात ती शिकवते. मी नाव सांगताच तिचा चेहरा बदलला. म्हणजे या घरात माझं नाव माहीत होतं.

"बाबा, बक्षी आलेत. वर्ध्याचे."

"आत घे. चपला बाहेर काढायला सांग."

गजभिये बाल्कनीत वर्तमानपत्रावर कुणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते. केस पांढरे झालेत, हात तसाच स्थिर आहे. वर न पाहता म्हणाले, "या साहेब. पत्ता सापडला?"

"विचारत विचारत आलो."

"चाळीसेक वर्षं लागली म्हणजे. वाघोलीचं ट्रॅफिक आहेच तसं."

गाडीत मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. मी म्हणालो, "ते कपाट मी सरकवलं होतं."

"कोणतं कपाट?"

"बोळातलं. घड्याळाच्या भिंतीला मी लावलं. तुम्ही दसऱ्याहून परत यायच्या आदल्या दिवशी. नऊ दिवसांनी मीच काढलं. तुमचे आकडे बरोबर होते. मला माहीत होतं. तरी संचालकांना एका वाक्यात सांगून टाकलं, की तुमचं लक्ष नसतं."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. खाली मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आरडाओरडा वर येत होता.

"मला वाटायचं, लिफ्टची मोटर," ते अखेर म्हणाले. "मग वाटलं, शेजारच्या इमारतीतलं वेल्डिंग. भांडारात बसून मी रोज एकेक काढून पाहायचो. माझा हात नव्हता हे माहीत होतं. पण मग काय, ते सापडेना." त्यांनी एक स्क्रू उचलून हातात घेतला. "आणि काही वर्षांनी, साहेब, मलेच वाटाले लागलं का आपणच चुकलो असू."

त्यांच्या तोंडून भंडारा ऐकला आणि मला मान वर करवेना. हे मी कधी धरलंच नव्हतं. बदली केली, बढती गेली, एवढाच माझा हिशेब होता. या माणसाला मी त्याच्याच नजरेवर शंका घ्यायला लावली होती.

प्रज्ञा दाराच्या चौकटीशी उभी होती. "काका, एक विचारू? बाबांच्या जागी दुसरं आडनाव असतं, तर संचालकांनी तुमचं एका वाक्यात ऐकलं असतं?"

"नाही."

"आणि तुम्ही ते वाक्य बोलला असता?"

मी विचार करून म्हणालो, "नसतो बोललो."

"मग आता का आलात? तुमचं मन हलकं करायला?"

"तेही आहे," मी म्हणालो. "पण वहीत लिहायचंय. सही करून. तुमच्या बाबांची परवानगी हवी."

"जेवायला वाढ," गजभिये तिला म्हणाले.

जेवणात भंडाऱ्याच्या तांदळाचा भात, तिखट वरण, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा होता. पुण्यात इतकी वर्षं काढूनही या घरातल्या वरणात गुळाचा खडा पडलेला नाही, असं गजभियेंनी अभिमानाने सांगितलं. दुसऱ्यांदा भात घेताना ते म्हणाले, "परवानगी नाही."

"का?" मी विचारलं.

"तेव्हा तुम्ही म्हणालात म्हणून माझे आकडे खोटे ठरले. आता तुम्ही म्हणता म्हणून खरे ठरवायचे? तुमच्या सहीवरच सगळं चालायचं का? ते जुनं घड्याळ चालू आहे?"

"सायलीने लावून पाहिलंय. आतला रुबिडियमचा दिवा पेटतो म्हणाली."

"मग कपाट परत लावा आणि मोजा."

"आता ते कपाट कुठे मिळायचं?"

"ग्रंथालयाच्या मागे आहे. भांडाराचा पांढरा नंबर मीच रंगवला होता त्याच्यावर." ते हसले नाहीत, पण डोळ्यांत काहीतरी हललं. "रंगाचे दोन हात दिले त्याला. पहिला आणि दुसरा. सज्जन कपाट वाटलं होतं."

सहा दिवस

मी परतीचं तिकीट पुढे ढकललं. गजभिये दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन लावून संस्थेत आले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. त्यांनी त्या जुन्या खोलीत चौफेर पाहिलं, भिंतीवर हात ठेवला, आणि मग सायलीला अटी सांगितल्या.

जुनं रुबिडियम घड्याळ पूर्वीच्याच जागी ठेवायचं आणि सायलीच्या प्रयोगशाळेतल्या नव्या घड्याळाशी पडताळायचं. सहा दिवस मोजायचं. कपाट कोणत्या दिवशी बोळात ठेवायचं, कोणत्या दिवशी नाही, ते फक्त तिने ठरवायचं, लिहून पाकिटात बंद करायचं, आणि बोळाच्या दाराला कुलूप लावायचं. आकडा घेणाऱ्याला काही कळता कामा नये.

"ब्लाइंड टेस्ट," सायली खुशीत म्हणाली. "सर, हे मला सुचायला हवं होतं."

"तुला राग नाही ना कुणाचा. म्हणून सुचलं नाही," गजभिये म्हणाले.

रोज अकराला ते यंत्रावरचा आकडा वाचत आणि मी लिहीत असे. पहिल्या दिवशी त्यांनी वाचला, मी लिहिला.

"परत वाचा."

मी वाचून दाखवला.

"सावकाश. एकेक अंक."

मी एकेक अंक वाचला. त्यांनी मान हलवली. मी प्रमुख होतो तेव्हा मला असं कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

आकडा घेऊन झाला की दिवस मोकळा. कँटीनमध्ये तीच जुनी लाकडी बाकं, पण आता चहा कागदी कपात. पहिले दोन दिवस आम्ही शेजारी बसून नुसतं झाडाकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रज्ञाबद्दल सांगितलं. ती शाळेत असताना ते तिला भांडारातले बाद झालेले मीटर आणून देत; ते दुरुस्त करता करता ती शिकली. चौथ्या दिवशी मी माझ्या पत्नीच्या आजारपणाबद्दल बोललो. "चांगल्या होत्या वहिनी," ते म्हणाले. "डब्यात माझ्यासाठी वेगळी चटणी द्यायच्या." मग एकदम, "तुम्ही ती अर्धी खायचात, मला माहीत होतं."

पाचव्या दिवशी जरा घाबरगुंडी उडाली. जुन्या घड्याळाचा दिवा लुकलुकला आणि यंत्राने पाच मिनिटं आकडाच दिला नाही. गजभियेंनी झाकणावर बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारली, कान लावला, म्हणाले, "कनेक्टर." सायलीने घट्ट केला, दिवा स्थिरावला. तेवढ्या पाच मिनिटांत मला कळलं, की हे सिद्ध झालं नाही तर काय, याची मलाच जास्त भीती आहे. माझ्या कबुलीला त्यांच्या लेखी मोल नव्हतं. यंत्र गप्प राहिलं तर ते आयुष्यभर मनातल्या त्या शंकेसकट राहणार होते.

सहाव्या दिवशी आकडा घेतल्यावर सायलीने पाकीट फोडलं. कपाट दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी बोळात होतं. तिने आकडे पडद्यावर मांडले. तीन ठिपके खाली, तीन वर. वरचे कोणते, हे सांगायची गरज नव्हती.

"त्या नऊ दिवसांपेक्षा थोडं कमी सरकलंय," ती म्हणाली. "दिशा तीच आहे, पण..."

"तेव्हा कपाटात जुने ट्रान्सफॉर्मर भरलेले होते," गजभिये म्हणाले. "तेवढं लोखंड कमी. यादी आहे माझ्याकडे."

मग ते चष्मा काढून पुसत बसले. काच स्वच्छच होती.

मी दुरुस्तीचा मजकूर आधीच कागदावर लिहून आणला होता, अर्धं पान. त्यांनी तो वाचून परत दिला. "हे पत्र झालं. पत्र घरी पाठवा. वहीत काय हललं, कोणी हलवलं, एवढंच लिहायचं, बक्षी."

'साहेब' गळालं होतं. मला बरं वाटलं.

मी लिहिलं: 'लोखंडी कपाट बोळात भिंतीला लावले होते. लावणारा व काढणारा मी. आकडे बरोबर आहेत.'

"खोडलं ते कसं खोडलं, तेही लिहा."

मी लिहिलं: 'जाणूनबुजून खोडले.' त्याखाली तारीख आणि सही.

त्यांनी पेन घेतलं आणि नऊच्या नऊ आकड्यांपुढे आपली सही केली. सायलीने तिथेच बसून ते नऊ ठिपके तिच्या आलेखात घातले आणि आकडे घेणाऱ्याचं नाव टाकलं. तिच्या प्रबंधात ते तसंच छापलं जाणार आहे.

मी माफी मागितली. ते म्हणाले, "ऐकलं."

निघताना सायली त्यांना म्हणाली, "सर, दिवा इतका छान चाललाय, अजून महिनाभर रीडिंग घ्यावं असं वाटतंय. तुम्हाला जमेल?"

"अकराला ना? बस दहाची पकडावी लागेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण लिहिणारा चालला."

"मी तिकडून लिहीन," मी म्हणालो.

वर्धा

आल्याला तीन आठवडे झाले. तुमच्यापैकी कुणी पुण्याला गेलात आणि असं काही पाहायची परवानगी मिळाली, तर पडद्यावरचा तो ठिपका जरूर पाहा. काठी बाहेर ठेवून जा.

रोज अकरा वाजून गेले की माझ्या फोनवर गजभियेंचा एक आकडा येतो. सोबत एक शब्दही नसतो. मी तो वहीत उतरवतो आणि वाचलेला आकडा परत पाठवतो. तो बरोबर असला की तिकडून काही येत नाही. परवा मी पाठवला आणि मिनिटाच्या आत उत्तर आलं: 'पुन्हा पाहा.' एवढ्या दिवसांत त्यांनी मला लिहिलेले हे पहिले शब्द.

मी पुन्हा पाहिलं. चूक माझी होती. तसं लगेच कळवलं.